आकाशाची पहिली इयत्ता

लढाऊ विमानांची नावे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण त्या विमानांत बसणाऱ्यांना ज्याने आधी उडायला शिकवले, त्या ‘अॅव्रो ५०४’ या दुपंखी विमानाचे नाव कुणाच्या फारसे लक्षात नाही. संग्रहालयात विसावलेल्या या ‘मास्तरा’ची ही हकिकत.

शाळा सोडून तीस-चाळीस वर्षे झालेल्या माणसाला त्याच्या शिक्षकांबद्दल विचारून पाहा. मॅट्रिकला गणित शिकवणारे सर त्याला आठवतात, कॉलेजातले नामांकित प्राध्यापक आठवतात. ज्या बाईंनी पाटीवर हात धरून ‘ग म भ न’ गिरवून घेतले, त्यांचे नाव सांगताना मात्र तो थोडा अडखळतो. त्याच्या पुढच्या सगळ्या विद्येचा पाया त्या बाईंनी घातलेला असतो; पण पाया जमिनीत असतो आणि कळस उन्हात चमकतो, त्याला कोण काय करणार?

विमानांच्या जगातही हाच न्याय आहे. विमानांच्या संग्रहालयात गर्दी असते ती स्पिटफायरभोवती, हरिकेनभोवती, नाहीतर एखाद्या जेट विमानाभोवती. कोपऱ्यात लाकूड, तारा आणि कापड यांचे एक विमान उभे असते. वर-खाली दोन पंख, मध्ये उभे खांब, पुढे लाकडी पंखा आणि दोन चाकांच्या मधून पुढे डोकावणारी, बर्फावरच्या घसरगाडीसारखी वाकवलेली लाकडी पट्टी. बंदूक नाही, बॉम्ब नाही. एकामागे एक दोन उघड्या बैठका. पाहणारा पाटी वाचतो, ‘शिकाऊ विमान’ एवढे ध्यानात घेतो आणि पुढे जातो.

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, तिथल्याच हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात, कॅनडात ओटावाला, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला असे हे अॅव्रो ५०४ पाहायला मिळते. आणि इंग्लंडमध्ये बेडफर्डशर परगण्यातल्या ओल्ड वॉर्डन या खेड्यात ते नुसते पाहायला मिळत नाही. वारा पडलेल्या संध्याकाळी गवताच्या धावपट्टीवरून ते उडवून दाखवण्याची प्रथा तिथे कित्येक दशके चालत आली आहे. जन्म १९१८चा. शंभरी ओलांडलेली!

नाडीपट्ट्यांच्या गिरणीतून

‘अॅव्रो’ हा शब्द आपल्याकडच्या मागच्या पिढीला परका नाही. इंडियन एअरलाइन्सचे पंखेवाले ‘अॅव्रो’ अनेकांनी पाहिले आहे, काहींनी त्यातून आयुष्यातला पहिला विमानप्रवास केला आहे. हवाई दलासाठी कानपूरला जोडलेले पहिले अॅव्रो ७४८ विमान १९६१ साली उडाले आणि त्याला एअर मार्शल सुब्रतो मुखर्जींच्या स्मरणार्थ ‘सुब्रतो’ हे नाव दिले गेले. पण ‘अॅव्रो’ म्हणजे काय, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते एका माणसाचे नाव आहे. ए. व्ही. रो. आद्याक्षरे आणि आडनाव जोडले की झाले ‘अॅव्रो’.

अलियट व्हर्डन रो हा मूळचा जहाजावरचा इंजिनियर. डेकवर उभे राहून समुद्रपक्षी कसे तरंगतात हे बघताना त्याला उडण्याचे वेड लागले. १९०९ साली लंडनजवळच्या ली नदीकाठच्या माळावर, रेल्वेच्या कमानीखाली त्याने आपले तीन पंखी विमान बांधले. इंजिन अवघे ९ अश्वशक्तीचे. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या साध्या स्कूटरची शक्ती जवळपास तेवढीच असते. पैसा इतका तोकडा, की पंखांना कापडाऐवजी तेलकट केलेला कागद लावलेला. तरीही ते उडाले.

पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये कंपनी निघाली, ती भाऊ हंफ्रे याच्या भांडवलावर. हंफ्रेचा धंदा होता पुरुषांच्या पँटी वर धरून ठेवणाऱ्या खांद्यावरच्या पट्ट्या बनवण्याचा. त्या गिरणीच्याच जागेत विमानांचे सांगाडे उभे राहू लागले. जाता जाता सांगायला हवे, की याच हंफ्रेने १९१८ साली संततिनियमनाच्या प्रचारक मेरी स्टोप्स यांच्याशी लग्न केले आणि १९२१ साली या दाम्पत्याने लंडनमध्ये आपले प्रसिद्ध केंद्र उघडले. त्याच वर्षी इकडे मुंबईत र. धों. कर्वे यांनी आपले केंद्र सुरू केले होते. इतिहासातले धागे कुठून कुठे जातात, ते असे.

अॅव्रो ५०४ उडाले १९१३च्या सप्टेंबरमध्ये. दोन पंखांची रुंदी ३६ फूट, लांबी साडेएकोणतीस फूट. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसवलेले लिननचे कापड आणि ते ढोलकीच्या कातड्यासारखे तंग व्हावे म्हणून वर चढवलेले ‘डोप’ नावाचे लुकण. पंखांचे खांब आणि सांगाडा यांना कर्णरेषेत ताणलेल्या पोलादी तारा. दिसायला नाजूक, पण घडण अशी पक्की, की पुढे एकोणीस-वीस वर्षे हेच विमान किरकोळ फेरफार करून बनत राहिले.

रणांगणावर थोडा वेळ

हे विमान शिकवण्यासाठी जन्माला आले नव्हते. ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश फौजेबरोबर तेही फ्रान्सला गेले. २२ ऑगस्टला बेल्जियमवर टेहळणी करत असताना जमिनीवरून झालेल्या गोळीबारात एक अॅव्रो पडले. वॉटरफॉल आणि बेली हे त्यातले दोघे तरुण अधिकारी ठार झाले. शत्रूच्या गोळीने ब्रिटनने गमावलेले हे पहिले विमान.

तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, फ्रान्सच्या पूर्व टोकाच्या बेलफोर गावाहून नौदलाची तीन अॅव्रो विमाने उडाली. प्रत्येकात एकच वैमानिक आणि वीस-वीस पौंडांचे चार बॉम्ब. ती थेट जर्मनीत, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनला पोचली. तिथे झेपेलिन नावाची अजस्र हवाई जहाजे बनत. बॉम्ब पडले, गॅसच्या कारखान्याला आग लागली, एक वैमानिक पकडला गेला, दोघे परत आले. शत्रूच्या मुलखात इतक्या आत जाऊन केलेल्या अगदी पहिल्या हवाई हल्ल्यांत याची गणना होते.

पण युद्धात विमानांचे वय झपाट्याने वाढते. वर्ष-दीड वर्षात अधिक वेगवान विमाने आली आणि अॅव्रो आघाडीवरून मागे आले. एरवी त्याची कथा इथेच संपली असती. ती तिथून सुरू झाली, याचे कारण मागे एक वेगळीच आपत्ती उभी होती.

शत्रूपेक्षा शाळा घातक

१९१६ साली ब्रिटनला वैमानिक हवे होते, आणि ते लवकर हवे होते. शिकवण्याची पद्धत कसली म्हणून नव्हती. आघाडीवरून थकून किंवा जखमी होऊन परतलेल्या वैमानिकाला शिक्षक नेमत. त्यातल्या पुष्कळांना शिकवण्याची आवड नसे आणि शिकाऊ पोराच्या हाती आपला जीव द्यायची इच्छा तर त्याहून नसे. पोराने मागे बसून पाहायचे, कधी खांद्यावरून हात लांबवून दांडी चाचपायची, आणि काही फेऱ्यांनंतर ‘जा एकटा’ असे ऐकायचे. हवेत बोलायची सोय नाही. इंजिनाच्या घरघरीत शिक्षक हातवारे करी, ओरडे आणि उतरल्यावर शिव्या देई.

परिणाम व्हायचा तोच झाला. जेमतेम पंधरा-वीस तास उडालेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले फ्रान्सला रवाना होऊ लागली. एकट्या एप्रिल १९१७मध्ये ब्रिटिशांनी तिथे दोनशेहून अधिक विमाने गमावली. पण त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की फ्रान्सपर्यंत न पोचताच, इंग्लंडमधल्याच मैदानांवर शिकता शिकता मेलेल्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. घरी तार जाई ती शत्रूच्या गोळीची नव्हे, तर शाळेतल्या अपघाताची.

हे सगळे आघाडीवरून बघत होता रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाचा एक आयरिश घराण्यातला अधिकारी. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात विमान कोसळून त्याचे दोन्ही पाय मोडले होते आणि त्याच्याबरोबरचा मेकॅनिक दगावला होता. तरी हा लंगडत परत आला आणि १९१६ साली फ्रान्समध्ये एका तुकडीचा प्रमुख झाला. नवी मुले येत, आठवड्यात मरत, पुन्हा नवी येत. तो वरिष्ठांना पत्रांवर पत्रे लिहू लागला, की ही मुले लढायला नव्हे, मरायला पाठवली जात आहेत. तक्रारखोर माणसाला गप्प करण्याचा एक जुना उपाय म्हणजे त्याच्याच गळ्यात काम बांधणे. १९१६च्या अखेरीस त्याला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉसपोर्टला शिकाऊ तुकडीचा प्रमुख करून पाठवण्यात आले.

का, ते सांगा

स्मिथ-बॅरीने शिकवण्यासाठी विमान निवडले ते अॅव्रो ५०४. आणि केलेले बदल आज ऐकताना इतके साधे वाटतात, की हे आधी कुणाला कसे सुचले नाही याचेच नवल वाटावे.

पहिला बदल म्हणजे दोघांपुढेही नियंत्रणाची पूर्ण साधने हवीत, आणि विद्यार्थ्याने बसायचे ते वैमानिकाच्या मुख्य जागी. पहिल्या दिवसापासून विमान त्याचे. शिक्षक फक्त सोबतीला.

दुसरा बदल म्हणजे बोलण्याची सोय. एक रबरी नळी, एका टोकाला बोलायचे तोंड, दुसऱ्या टोकाला शिरस्त्राणात कानाशी बसवलेली टोपणे. डॉक्टरांच्या स्टेथस्कोपचीच जात. ‘गॉसपोर्ट नळी’ या नावाने ती जगभर गेली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. या नळीने हवेत पहिल्यांदाच शिक्षकाला शांत आवाजात सांगता येऊ लागले, ‘आता दांडी थोडी पुढे. बघ नाक कसे खाली आले.’

तिसरा बदल सर्वांत मोलाचा. तोवर शिकाऊंना सांगत, की धोकादायक ते करू नका. स्मिथ-बॅरी म्हणाला, की धोक्यात न्या, आणि बाहेर कसे यायचे ते शिकवा.

याचे महत्त्व कळायला ‘स्पिन’ म्हणजे काय ते कळायला हवे. विमानाचे नाक फार वर गेले आणि वेग फार कमी झाला, की पंखांवरचा हवेचा आधार तुटतो. एका बाजूचा आधी तुटला, तर विमान त्या बाजूला कलंडते आणि झाडावरून गळालेल्या पानासारखे, भिंगरी घेत खाली येऊ लागते. माणसाची उपजत बुद्धी सांगते, खाली चाललोय, दांडी मागे ओढा, नाक वर काढा. तसे केले की भिंगरी अधिकच घट्ट होते आणि जमीन येते. करायचे असते नेमके उलटे. सुकाणू भिंगरीच्या विरुद्ध बाजूला दाबायचे आणि दांडी पुढे ढकलायची. म्हणजे जमिनीकडे वेगाने चाललेल्या माणसाने नाक आणखी जमिनीकडे करायचे! वेग वाढतो, पंखांना आधार मिळतो, मग हलकेच वर काढायचे. १९१२ साली विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलाचा अधिकारी अॅव्रोच्याच एका विमानात अशा भिंगरीत सापडला आणि ऐन वेळी विरुद्ध सुकाणू दाबून वाचला. लोकांनी ते बघितले, त्यावर लिहिलेही. पण अशा गोष्टी नियमाने, प्रत्येक पोराला, पुरेशा उंचीवर नेऊन आणि ‘का’ ते समजावून शिकवायला १९१७ साल उजाडावे लागले.

भीती दडपून जात नाही, ती समजून घेतली की जाते, हे गॉसपोर्टचे सार. त्या ऑगस्टमध्ये तिथे शिक्षकांना शिकवणारी शाळाच सुरू झाली, आणि तिथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी ही रीत देशभर नेली. ‘जगातल्या हवाई दलांना उडायला शिकवणारा माणूस’ असा स्मिथ-बॅरीचा लौकिक झाला. आज पुण्या-मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिक्षकाशेजारी बसून धडा घेणारी मुलगी नकळत याच माणसाच्या वर्गात बसलेली असते.

एरंडेलाचा वास

ही रीत राबवायला अॅव्रोसारखे विमान मात्र हवे होते. ते फार सोपे असते तर विद्यार्थी बेफिकीर झाला असता; फार तापट असते तर मेला असता. अॅव्रो चूक माफ करी, पण चूक झाल्याचे जाणवून दिल्याशिवाय राहत नसे. उतरताना विमान पुढे कलंडून पंखा मोडू नये म्हणूनच चाकांमधली ती लाकडी पट्टी.

त्याचे इंजिनही मोठे अजब. आपल्या ओळखीच्या इंजिनात सिलिंडर जागच्या जागी असतात आणि दांडा फिरतो. या ‘रोटरी’ इंजिनात दांडा विमानाला पक्का जखडलेला, आणि चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरत. फिरण्यानेच ते हवेत थंड होत. वेगळे पाणी नको. पण एवढे वजन पुढे फिरू लागले की विमानाचा तोंडवळा भोवऱ्यासारखा वागे. एका बाजूला वळवले की नाक वर, दुसऱ्या बाजूला वळवले की खाली. वेग कमी-जास्त करायची सोयही धड नाही. दांडीवरचे बटण दाबून ठिणगी क्षणभर बंद करायची, सोडले की पुन्हा भडका. म्हणून उतरणारे अॅव्रो ‘भर्रर्र... भर्रर्र’ असे तुटक आवाज करत येई.

वंगण कसले, तर एरंडेल! हो, तेच, आपल्या लहानपणी आजीच्या चमच्यात असायचे ते. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून जाते, एरंडेल तितक्या सहज विरघळत नाही. ते इंजिनात शिरे आणि न जळता धुराबरोबर बाहेर पडे. थेट मागे बसलेल्यांच्या तोंडावर. त्याचे पोटावर व्हायचे ते परिणाम व्हायचे आणि वैमानिकांच्या गोष्टींत त्यावरून कायम विनोद असत. त्या काळी जगाला एरंडी पुरवणारा प्रमुख देश होता हिंदुस्थान. आपल्या शेतकऱ्याच्या बांधावरची एरंडी फ्रान्सच्या आकाशात अशी जळत होती.

पुढे ‘५०४ के’ या प्रकारात एक हिकमत केली गेली. इंजिन बसवायची बैठक अशी बनवली, की १३० अश्वशक्तीचे क्लेर्जे, ११० अश्वशक्तीचे ल रोन, १०० अश्वशक्तीचे मोनोसुपाप यांपैकी जे मिळेल ते बसावे. टंचाईच्या काळात हे वरदान ठरले. युद्धकाळातच आठ हजारांहून अधिक अॅव्रो ५०४ बनली. एकूण आकडा दहा हजारांच्या आसपास जातो. कमाल वेग ताशी सुमारे ९० मैल.

मुंबईचा वेलिंगकर

या शिकाऊंच्या गर्दीत काही हिंदी तरुणही होते. त्या काळी हिंदी माणसाला फौजेत राजाची सनद, म्हणजे पुरा अधिकारी हुद्दा, मिळत नसे. ऑक्सफर्डला शिकणारा हरदितसिंग मलिक नकार पचवून फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायला गेला. शेवटी त्याच्या प्राध्यापकांनी रदबदली केली, तेव्हा १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरचे दार उघडले. फेट्यावर बसेल असे खास शिरस्त्राण तो घालत असे. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय तर अजून विशीतही नव्हता. जुलै १९१८मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत त्याने दहा हवाई विजय मिळवले आणि २२ जुलैला तो पडला. १९९८ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आणि मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजला शिकलेला हा मराठी तरुण वैमानिक झाला, २३ क्रमांकाच्या तुकडीत ‘डॉल्फिन’ हे लढाऊ विमान उडवू लागला. जून १९१८च्या अखेरीस गस्तीवर गेलेला वेलिंगकर परतला नाही. युद्ध संपायला साडेचार महिने उरले होते. फ्रान्समध्ये आँगार या गावाच्या युद्धस्मशानात त्याची कबर आहे. रॉयची गोष्ट निदान बंगाल विसरला नाही. वेलिंगकराचे नाव मुंबईत किती जणांना ठाऊक असेल?

या मुलांनी पहिले धडे नेमके कोणकोणत्या विमानांवर घेतले, ती यादी इथे देण्याचे कारण नाही. पण १९१७ साली शिकणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी अॅव्रो येई, आणि त्या वर्षी गॉसपोर्टच्या रीतीने शिकायला मिळणे हा जगण्या-मरण्यातला फरक होता.

युद्धानंतरचे संसार

लढाई थांबली आणि हजारो अॅव्रो विमाने कवडीमोलाने विक्रीला निघाली. काही पाच शिलिंगात हवेत फेरी मारून आणणाऱ्या जत्रावाल्यांच्या हाती गेली. ज्या सामान्य माणसाने कधी विमान जवळून पाहिले नव्हते, तो त्यातून आपले गाव वरून बघून आला. ऑस्ट्रेलियात दोन माजी वैमानिकांनी १९२०च्या नोव्हेंबरात एक छोटी कंपनी काढली; तिचे पहिले विमान अॅव्रो ५०४ के. ती कंपनी म्हणजे आजची क्वांटास.

ब्रिटनने आपल्या वसाहतींना युद्धातली उरलेली विमाने भेट म्हणून दिली. हिंदुस्थानच्या वाट्याला शंभर आली, त्यांत अॅव्रो ५०४ होतीच. रशियात त्याची नक्कल बनली आणि तिथल्या पोरांनी तिला ‘अव्रुष्का’ असे लाडाचे नाव दिले. १९२१ साली ब्रिटिश शिक्षकांचे एक पथक जपानच्या नौदलाला उडायला शिकवायला गेले, तेही अॅव्रो घेऊन. वीस वर्षांनी त्याच नौदलाच्या विमानांनी ब्रिटनच्या युद्धनौका बुडवल्या. शिकवणाऱ्याला शिष्य निवडता येतो. त्याचे पुढचे आयुष्य निवडता येत नाही.

एक राजपुत्रही या शाळेत होता. राजा पाचव्या जॉर्जचा दुसरा मुलगा अल्बर्ट १९१९ साली अॅव्रोवर शिकून वैमानिक झाला. डॉक्टरांनी मात्र त्याला एकट्याने उडू दिले नाही. पुढे हाच सहावा जॉर्ज, हिंदुस्थानचा शेवटचा सम्राट.

एका आईचे संग्रहालय

आता पुन्हा ओल्ड वॉर्डनला जाऊ. तिथला संग्रह उभा केला रिचर्ड शटलवर्थ या धनिक तरुणाने. मोटारींच्या शर्यती आणि जुनी विमाने यांचा त्याला नाद. १९३३ साली तो आपले चिमुकले ‘कॉम्पर स्विफ्ट’ उडवत चक्क दिल्लीला व्हाइसरॉयच्या चषकाच्या शर्यतीसाठी आला होता. त्या शर्यतीत उतरलेले, मूळ भारतीय नोंदणीचे एक लाल कॉम्पर स्विफ्ट आज त्याच संग्रहात आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर रिचर्ड हवाई दलात गेला. २ ऑगस्ट १९४०च्या रात्री प्रशिक्षणाच्या उड्डाणात त्याचे विमान कोसळले आणि तो गेला. वय ३१. लढताना नव्हे, शिकताना. त्याच्या आईचा तो एकुलता एक मुलगा. तिने त्याच्या नावाने विश्वस्त संस्था काढली आणि घरची इस्टेट तिला दिली. आज तिथे जी विमाने उडतात, ती त्या माउलीने मुलामागे जपलेली.

तिथले अॅव्रो ५०४ स्वतःच एक चरित्र आहे. १९१८ साली बांधले गेले, पुढे नव्या इंजिनाचा ‘५०४ एन’ अवतार झाला, मग लष्करातून निघून नागरी नोंदणीत आले. १९४० साली, बावीस वर्षांचे असताना, त्याला पुन्हा वर्दी चढवून ग्लायडर ओढायला जुंपले. त्यानंतर अॅव्रो कंपनीतल्याच शिकाऊ उमेदवारांनी ते उलगडून पुन्हा मूळच्या ‘५०४ के’ रूपात आणले, ते डग्लस बेडर या पाय गमावलेल्या वैमानिकावरच्या १९५६च्या ‘रीच फॉर द स्काय’ या चित्रपटासाठी. शिकाऊंच्या विमानाला शिकाऊंनीच नवा जन्म दिला.

आणि ज्याच्या नावाचे हे विमान, त्या ए. व्ही. रो यांचे काय झाले? त्यांनी १९२८ साली ही कंपनी सोडून दुसरी उभारली, सर ही पदवी मिळाली, दीर्घायुष्य लाभले. पण दुसऱ्या महायुद्धात त्यांची दोन मुले हवाई दलात कामी आली. ज्या बापाच्या विमानावर हजारो पोरे सुखरूप उडायला शिकली, त्याच्या घरच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

आपली पहिली इयत्ता

आपल्याकडे अॅव्रोची जागा पुढे मॉथ आणि टायगर मॉथ या दुपंखी विमानांनी घेतली. स्वातंत्र्यानंतर भारताने स्वतः आखून कारखान्यात बनवायला घेतलेले पहिले विमान कोणते, ठाऊक आहे? लढाऊ नव्हे, बॉम्बफेकी नव्हे. ते होते एचटी-२ हे शिकाऊ विमान. ते आखले बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या आचार्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. १९५१ साली एचटी-२ उडाले आणि टायगर मॉथच्या जागी आपल्या वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर शिकल्या. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशाने विमान बनवताना आधी शाळा बांधली, हे शहाणपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. बंगळूरच्या एचएएलच्या संग्रहालयात हे एचटी-२ उभे आहे. सहलीला गेलात, तर मुलांना लढाऊ विमानांआधी त्याच्यापुढे क्षणभर उभे करा.

कारण संग्रहालयातली लढाऊ विमाने आपल्याला सांगतात, की कोण जिंकले. शिकाऊ विमान वेगळेच सांगते. त्याच्या मागच्या बैठकीत एक अठरा वर्षांचा मुलगा घाबरून बसलेला असतो, पुढच्या बैठकीत त्याच्या हाती आपला जीव देऊन एक माणूस बसलेला असतो, आणि दोघांच्या मध्ये एक साधी रबरी नळी असते. त्या नळीतून येणारा आवाज शांत असला, तर मुलगा घरी परततो.

पहिलीच्या बाईंचा आवाजही तसाच होता, नाही का?